एका थेंबातला नेमका रेणू प्रकाश कसा ओळखतो?

'रक्ताच्या एका थेंबात निदान', 'दुधातील विष ओळखणारी इवलीशी चिप' अशा मथळ्यांच्या बातम्या आता वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत 'नॅनो' आणि 'सेन्सर' हे दोन शब्द हमखास असतात. शिवाय अमुक पिकोमोलर, तमुक फेम्टोमोलर असा एखादा आकडा असतो, जो वाचून थक्क व्हावे पण त्याचा अर्थ विचारू नये, अशीच जणू अपेक्षा असते. प्रकाशावर चालणारे हे नॅनोसेन्सर नेमके काय करतात, त्यांना इतके थोडे रेणू कसे कळतात आणि तरीही ती चिप अजून सर्वत्र का पोहोचलेली नाही, हे या लेखात क्रमाने पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. मोजके रेणू प्रकाशाने टिपण्याची अडचण बऱ्याच अंशी सुटलेली आहे. इतर असंख्य रेणूंच्या गर्दीतून हवा तोच रेणू ओळखणे आणि तो वेळेत सेन्सरपर्यंत पोहोचणे, ही न सुटलेली अडचण आहे, आणि बातम्यांतले आकडे तिच्याविषयी फारसे काही सांगत नाहीत.

## लहान रेणूंचे दुखणे वेगळे

रेणूंचे वजन डाल्टन या एककात सांगतात. हायड्रोजनच्या एका अणूचे वजन सुमारे १ डाल्टन असते. ग्लुकोजचा रेणू १८० डाल्टनचा, मेंदूत संदेश पोहोचवणाऱ्या डोपामाइनचा १५३ डाल्टनचा, तर ताणाच्या काळात वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा ३६२ डाल्टनचा असतो. साधारणपणे हजार डाल्टनच्या आत वजन असलेल्या अशा रेणूंना 'लहान रेणू' म्हणतात. बहुतेक औषधे, कीटकनाशके, जीवनसत्त्वे, बुरशीपासून तयार होणारी विषे आणि अनेक संप्रेरके याच गटात मोडतात. त्यांच्या शेजारी आपल्या रक्तातले प्रतिपिंड, म्हणजे परक्या पदार्थांना ओळखून पकडणारी प्रथिने, अवाढव्य दिसतात. त्यांतल्या सर्वांत विपुल प्रकाराचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन, म्हणजे कॉर्टिसॉलच्या चारशे पट भरते.

हा फरक का महत्त्वाचा आहे, ते घरच्या घरी करता येणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवरून कळते. ही पट्टी एचसीजी नावाचे संप्रेरक शोधते आणि ते सुमारे ३७ हजार डाल्टनचे प्रथिन आहे. अशा अनेक पट्ट्यांत एक प्रतिपिंड सोन्याचे नॅनोकण अंगावर घेऊन एचसीजीला एका बाजूने पकडतो, आणि रेघेच्या जागी आधीच चिकटवून ठेवलेला दुसरा प्रतिपिंड त्याच रेणूला दुसऱ्या बाजूने धरतो. असे घडले की सोन्याचे कण तिथेच साठतात आणि लालसर रेघ उमटते. (सोन्याचा रंग लाल कसा, हे पुढे येईलच.)

कॉर्टिसॉलच्या चिमुकल्या रेणूवर दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी पकडायला सहसा जागाच नसते. त्यामुळे चाचणी उलटी रचावी लागते. पट्टीवर आधीच कॉर्टिसॉल चिकटवून ठेवतात आणि मोजक्या प्रतिपिंडांसाठी नमुन्यातले कॉर्टिसॉल व पट्टीवरचे कॉर्टिसॉल यांच्यात चढाओढ लावून देतात. नमुन्यात रेणू जितके जास्त, तितकी रेघ फिकी. ही युक्ती चांगली आहे, पण रेणू अगदी थोडे असले की तिचे काही चालेनासे होते, कारण कोऱ्या जागेवरची पुसट रेघ ओळखणे सोपे असते, पण ठसठशीत रेघ किंचित फिकी झाली आहे की नाही, हे ठरवणे फार अवघड असते.

## थोडे म्हणजे किती थोडे?

जनावरांच्या खाद्याला विशिष्ट बुरशी लागली, की तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष जनावराच्या शरीरात जाते, यकृतात त्याचे रूपांतर एम-१ मध्ये होते आणि ते दुधात उतरते. अफ्लाटॉक्सिनांचा यकृताच्या कर्करोगाशी संबंध असल्याने दुधातल्या त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातलेली आहे. युरोपीय संघाची मर्यादा एका किलो दुधात ०.०५ मायक्रोग्रॅम इतकी आहे; अमेरिकेची आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाची तिच्या दहापट सैल, म्हणजे ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

युरोपीय मर्यादेवर नेमके असलेल्या दुधाचा एक थेंब घेतला, तर त्यात अफ्लाटॉक्सिन एम-१चे सुमारे साडेचारशे कोटी रेणू असतील. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण त्याच थेंबात विषाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सुमारे ३० हजार कोटी रेणू असतात, आणि त्याखेरीज दुधातली प्रथिने, स्निग्धांश, साखर आणि क्षार असतात ते वेगळेच. सेन्सरला या गर्दीतून शोधायचा आहे तो विषाचा रेणू.

आता बातम्यांतली ती एकके. एक मोल म्हणजे ६ वर २३ शून्ये इतके रेणू, आणि एका लिटर द्रवात एक मोल रेणू असले तर त्याला एक मोलर म्हणतात. मोलरचा अब्जावा भाग नॅनोमोलर, त्याचा हजारावा पिकोमोलर आणि त्याचाही हजारावा फेम्टोमोलर. वरच्या थेंबातले विष पिकोमोलरच्या भाषेत दीडशेच्या आसपास भरते. रक्तातले कॉर्टिसॉल सकाळच्या वेळी काहीशे नॅनोमोलर असते, आणि ग्लुकोज मात्र सुमारे ५० लाख नॅनोमोलर. ग्लुकोजचा हा आकडा लक्षात ठेवावा. लेखाच्या अखेरीस तो पुन्हा लागणार आहे.

## प्रकाशाची तरंगलांबी एवढी मोठी, मग एवढासा रेणू दिसतो कसा?

ही शंका रास्त आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असते, तर कॉर्टिसॉलसारखा रेणू जेमतेम एक नॅनोमीटर लांबीचा. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवता येत नाहीत, आणि ही मर्यादा भिंगाच्या दर्जाची नसून प्रकाशाच्या स्वभावाची आहे. मात्र आपले सेन्सर रेणूचे चित्र काढतच नाहीत. ताणलेल्या तारेला मेणाचा बारीकसा कण चिकटला, की तार छेडल्यावर तिचा स्वर किंचित उतरतो. तो कण डोळ्यांना दिसला नाही तरी स्वर उतरल्याचे कानाला कळते. नॅनोसेन्सर हेच करतो, फक्त त्याची 'तार' सोन्याचा कण असते आणि 'स्वर' म्हणजे प्रकाशाचा रंग.

सोन्याच्या कणात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लहर असल्याने ती कणावरून जाताना या इलेक्ट्रॉनांचा सगळा ढग इकडून तिकडे हेलकावतो. कण पुरेसा छोटा असेल तर एका ठरावीक रंगाला हे हेलकावे फार मोठे होतात आणि तो रंग कण जोरात शोषून घेतो. १५-२० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांसाठी पाण्यात हा रंग ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा असतो. हिरवा गिळला गेल्यावर उरलेला प्रकाश लालसर दिसतो. या घटनेला प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. गर्भचाचणीच्या पट्टीवरचा लाल रंग तो हाच. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याच्या अशा माणकासारख्या लाल द्रवांचा अभ्यास केला आणि रंग सोन्याच्या कणांच्या सूक्ष्मतेमुळे येतो असा निष्कर्ष काढला; त्यामागचे गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ साली मांडले. कारागिरांनी मात्र ते गणित ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी हा गुण वापरला होता. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक बाहेरून उजेड पडला की हिरवा दिसतो आणि आतून उजेड आला की लाल, आणि याचे कारण काचेत अडकलेले सोन्या-चांदीचे नॅनोकण हे आहे.

सेन्सरच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की अनुनादाचा हा रंग कणाच्या अगदी लगत काय आहे यावरही ठरतो. प्रकाश कोणत्या माध्यमात किती मंदावतो हे सांगणाऱ्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, तर कार्बनी रेणूंचा १.५च्या आसपास. कणाच्या पृष्ठभागावरचे पाणी बाजूला सारून तिथे असे रेणू येऊन बसले, की अनुनादाची तरंगलांबी थोडी वाढते, म्हणजेच मेण लागलेल्या तारेप्रमाणे स्वर उतरतो. हा बदल वर्णपटमापकाने, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाने, मोजता येतो.

सोन्याच्या सपाट पातळ थरावरही असाच परिणाम घडवता येतो. त्या तत्त्वावरची उपकरणे १९९० पासून बाजारात आहेत आणि नव्या औषधांच्या शोधात रोज वापरली जातात. सपाट थराची जाणीव पृष्ठभागापासून साधारण २०० नॅनोमीटरपर्यंत पोहोचते, नॅनोकणाची मात्र केवळ १०-२० नॅनोमीटरपर्यंत. लहान रेणूंच्या बाबतीत हे आखूडपण फायद्याचे ठरते, कारण नॅनोकणाचे लक्ष पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूवर राहते आणि वरच्या द्रवात काय चालले आहे त्याचा त्याला उपद्रव कमी होतो.

## हलका रेणू जड गोष्ट हलवतो

एवढे करूनही मूळ अडचण उरते. प्रतिपिंड येऊन बसला तर स्वर चांगलाच उतरतो. पण त्याच्या चारशेपट हलका रेणू बसला तर होणारा बदल तापमानातल्या क्षुल्लक चढउतारातही हरवून जातो. यावरचा तोडगा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो: लहान रेणूला स्वतः दिसण्याची सक्ती न करता त्याच्याकडून दुसरे काहीतरी मोठे, दिसण्याजोगे हलवून घ्यायचे.

डीएनएच्या काही आखूड धाग्यांना विशिष्ट रेणू भेटला की ते त्याच्याभोवती वळून ठरावीक आकार घेतात. अशा धाग्यांना ॲप्टॅमर म्हणतात. कोट्यवधी यादृच्छिक धाग्यांतून हवा तो निवडून काढण्याची पद्धत १९९० साली अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधली. आता या धाग्याच्या दोन टोकांना दोन रंगद्रव्ये लावली, तर धागा वळताच त्यांच्यातले अंतर बदलते. एका रंगद्रव्याकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाण्याचे प्रमाण अंतराच्या सहाव्या घाताने कमी होत जाते. अंतर पुरेसे असेल तेव्हा ते आणखी दुप्पट झाले तर हे प्रमाण सुमारे चौसष्टाव्या भागावर येते. त्यामुळे दोन-तीन नॅनोमीटरच्या हालचालीने चमक ठळकपणे बदलते. रेणूचे स्वतःचे वजन इथे गौण ठरते. धागा वळवण्याइतकी त्याची पकड असली की पुरे.

दुसरी युक्ती मेलामाइनच्या प्रकरणामुळे बरीच प्रकाशात आली. २००८ साली चीनमध्ये लहान मुलांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे रसायन मिसळल्याचे उघड झाले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि किमान सहा दगावली. दुधातली प्रथिने मोजण्याची रूढ चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजन असतो, त्यामुळे पातळ केलेले दूधही या चाचणीत सकस ठरत होते. मेलामाइन अवघे १२६ डाल्टनचे आहे, पण त्याच्या रेणूला तिन्ही बाजूंनी हात असल्यासारखी रचना असते. सोन्याच्या कणांच्या द्रवात ते पडले की कण एकमेकांना चिकटू लागतात, त्यांचे अनुनाद एकत्र होतात आणि लाल द्रव डोळ्यांदेखत निळा होतो. यासाठी यंत्रही लागत नाही. मात्र मिठाचे प्रमाण वाढले तरीही हेच कण एकत्र येतात आणि द्रव तसाच निळा होतो. म्हणजे द्रव निळा झाला याचा अर्थ कण एकत्र आले एवढाच असतो. ते मेलामाइनमुळेच आले, हे नमुना आधी नीट साफ करूनच सिद्ध करावे लागते.

तिसरा मार्ग कार्बनच्या नॅनोनळ्यांचा. एकाच थराच्या अशा नळ्यांवर प्रकाश पाडला तर त्या अदृश्य अवरक्त प्रकाशात चमकतात, हे २००२ साली दिसून आले. नळीभोवती डीएनए किंवा एखादा बहुवारिक (पॉलिमर) गुंडाळला तर त्या वेष्टनात काही विशिष्ट रेणूंना बसायला जागा तयार होतात, आणि रेणू तिथे बसला की नळीची चमक वाढते किंवा मंदावते. डोपामाइनसाठी असे सेन्सर तयार झाले आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या गटाने २०१६ साली अशा नळ्या पालकाच्या पानांत सोडून मुळांनी शोषलेल्या पाण्यातले स्फोटकांशी संबंधित रेणू ओळखून दाखवले. त्या प्रयोगातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे पानात दोन प्रकारच्या नळ्या होत्या: एक रेणू आल्यावर मंदावणारी आणि दुसरी त्या रेणूला दाद न देता तशीच राहणारी. पान हलले किंवा उजेड बदलला तर दोन्ही बदलतात. रेणू आला तर एकच बदलते. मोजणीवर विश्वास ठेवता यायला हवा असेल, तर असा साक्षीदार जवळ ठेवावाच लागतो.

## रामन परिणाम आणि खडबडीत चांदी

वरच्या सगळ्या पद्धतींत 'काहीतरी येऊन बसले' एवढेच प्रकाश सांगतो; कोण बसले ते पकडणाऱ्या रेणूच्या, म्हणजे ग्राहीच्या, निवडीवर सोडावे लागते. रेणूची ओळख थेट प्रकाशातच उमटवणारी एक पद्धत आहे, आणि तिचे मूळ सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेल्या शोधात आहे. रेणूवर पडलेला प्रकाश बहुतांशी त्याच रंगाचा विखुरतो; पण साधारण कोटीतला एखादा प्रकाशकण रेणूच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करून किंचित वेगळ्या रंगाने बाहेर पडतो. कंपने रेणूच्या रचनेवर ठरत असल्याने या वेगळ्या रंगांचा नकाशा म्हणजे त्या रेणूचा अंगठ्याचा ठसाच. अडचण एवढीच, की कोटीतल्या एकावर भिस्त असल्याने थोडे रेणू असले की काहीच दिसत नाही.

१९७४ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करून त्यावर पिरिडीन या कार्बनी द्रवाचा रामन वर्णपट, म्हणजे वर सांगितलेला रंगांचा नकाशा, घेतला आणि तो अनपेक्षितपणे ठळक निघाला. खडबडीतपणामुळे जागा वाढली आणि जास्त रेणू चिकटले, असे तेव्हा समजले गेले. १९७७ मध्ये दोन गटांनी वेगवेगळे हिशेब करून दाखवले, की वाढलेल्या जागेने हे साधणार नाही. प्रत्येक रेणूचा संकेतच लाखो पटींनी वाढलेला आहे. याचे मुख्य कारण पुन्हा तोच प्लाझ्मॉन अनुनाद. दोन धातुकणांमधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत प्रकाशाचे विद्युतक्षेत्र प्रचंड एकवटते, आणि रामन संकेत या क्षेत्राच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढतो: क्षेत्र दहापट झाले तर संकेत दहा हजारपट. १९९७ साली याच मार्गाने एकेकटे रेणू टिपल्याचे दोन गटांनी जाहीर केले.

पण चौथा घात दुधारी असतो. फट अर्ध्या नॅनोमीटरने रुंद झाली तरी संकेत कोसळतो, त्यामुळे एकाच चिपवरच्या शेजारच्या दोन जागाही वेगळे आकडे देतात. शिवाय रेणू फटीत शिरून धातूला चिकटला तरच हे सगळे घडते. थायरमसारखे बुरशीनाशक गंधकाच्या अणूंमुळे सोन्या-चांदीला आनंदाने चिकटते आणि झकास दिसते. ग्लुकोज मात्र चिकटतच नाही. २००३ साली संशोधकांनी चांदीवर कार्बनी साखळ्यांचा एक थर लावून ग्लुकोजला पृष्ठभागाजवळ थोपवून धरले, तेव्हा कुठे ते या पद्धतीने नीट मोजता आले.

## फेम्टोमोलरचा आकडा कसा वाचावा?

एकच रेणू टिपता येतो हे तर सिद्धच झाले आहे. २०१६ साली काचेच्या सूक्ष्म गोळ्यात प्रकाश गोलगोल फिरवून आणि त्या गोळ्याला सोन्याच्या नॅनोदांड्या लावून द्रवातले पारा व जस्त यांचे एकेकटे आयनही, म्हणजे विद्युतभार असलेले अणूही, टिपले गेले. (गोळ्याच्या कडेने फिरणाऱ्या प्रकाशाचे तत्त्व लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटात भिंतीकडेने फिरणाऱ्या कुजबुजीसारखेच आहे, आणि त्या कुजबुजीवर १९२१ साली रामन यांनीही लिहिले होते.) मग पुढचा प्रश्न असा, की एक रेणू कळतो तर एका थेंबातले काही हजार का कळू नयेत?

कारण रेणू आधी सेन्सरपर्यंत यावा लागतो. एक फेम्टोमोलर म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ६०० रेणू. ते द्रवात दिशाहीन भटकत असतात आणि सेन्सर तर मुद्दाम अतिसूक्ष्म केलेला असतो. द्रव स्थिर असेल तर त्या इवल्याशा जागेला पहिले काही रेणू भेटण्यासाठी तासन् तास, कधी कधी दिवसही लागू शकतात. सेन्सर जितका छोटा, तितकी त्याची जाणीव तीक्ष्ण आणि तितकीच त्याची प्रतीक्षा लांब, असा हा पेच आहे. म्हणून 'किती कमी' या आकड्याला 'किती वेळात' आणि 'किती नमुन्यातून' यांची जोड नसेल, तर त्याचा अर्थ अर्धाच राहतो.

दुसरी बाब 'कशात' मोजले ही. अनेक विक्रमी आकडे शुद्ध पाण्यात मिसळलेल्या ऱ्होडामाइनसारख्या रंगद्रव्यांवर मिळवलेले असतात. ही रंगद्रव्ये धातूला सहज चिकटतात आणि लेझरच्या रंगाशी त्यांचा अनुनाद जुळत असल्याने संकेत आणखी वाढवतात. असा आकडा चिपची क्षमता दाखवतो हे खरे, पण त्यावरून दुधातल्या विषाविषयी काही ठरवणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

## सारखे दिसणारे रेणू

रक्तात कॉर्टिसॉल काहीशे नॅनोमोलर, तर अल्ब्युमिन हे एकच प्रथिन त्याच्या हजारपटीहून जास्त. सेन्सरचा पृष्ठभाग उघडा पडला की काही मिनिटांत अशी प्रथिने त्यावर थर धरतात आणि स्वर उतरतो, मात्र चुकीच्या कारणाने. यासाठी पाणी धरून ठेवणारे, प्रथिनांना न चिकटू देणारे थर लावतात. ते पुष्कळ मदत करतात, पण कायम टिकत नाहीत.

याहून चिवट शत्रू म्हणजे हव्या त्या रेणूचेच भाऊबंद. कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन यांत फक्त दोन हायड्रोजन अणूंचा फरक आहे, आणि लाळेत कॉर्टिसोनचे प्रमाण कॉर्टिसॉलपेक्षा जास्त असते. दम्यासारख्या आजारांत दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे औषधही कॉर्टिसॉलसारखेच दिसते. ते घेणाऱ्या रुग्णाच्या प्रतिपिंडाधारित चाचणीत कॉर्टिसॉल खोटेच वाढलेले दिसू शकते, आणि ही अडचण नॅनोसेन्सर येण्याच्या आधीपासूनची आहे. ग्राही तोच ठेवून प्रकाशाची बाजू कितीही तीक्ष्ण केली, तरी ही चूक तसूभरही कमी होत नाही. फक्त ती अधिक अचूकपणे मोजली जाते. त्यातच रक्तातले ९० टक्क्यांच्या आसपास कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते, तेव्हा एकूण मोजायचे की मोकळे, हेही आधी ठरवावे लागते.

## प्रयोगशाळा आहेतच की, मग हे कशाला?

लहान रेणू मोजण्याची भरवशाची पद्धत आजही प्रयोगशाळेतलीच आहे: नमुन्यातले घटक एका नळीतून वेगवेगळे करायचे आणि मग वस्तुमानमापकाने त्यांचे वजन करायचे. कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन तिथे सहज वेगळे पडतात. न्यायालयात टिकणारा किंवा उपचार बदलणारा निकाल हवा असेल, तर हीच पद्धत योग्य, आणि नॅनोसेन्सर तिची जागा घेतील असे मला वाटत नाही.

पण ते यंत्र अवजड आणि महागडे असते, त्याला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि नमुना यंत्रापर्यंत न्यावा लागतो. दूध संकलन होत असतानाच चाळणी लावायची असेल, तर मिनिटांत उत्तर देणारा सेन्सर उपयोगी पडतो. तो ज्या नमुन्यावर बोट ठेवेल तेवढाच प्रयोगशाळेत जाईल. हा दुसरा टप्पा वगळून चालत नाही. हजार नमुन्यांत एकच दूषित असेल आणि सेन्सर शंभरात एकदा खोटा इशारा देत असेल, तर एका खऱ्या इशाऱ्यामागे दहा खोटे येतील. सेन्सरची संवेदनशीलता वाढवून हे प्रमाण सुधारत नाही, उलट कधी कधी बिघडते.

नॅनोकण खाण्यापिण्यात किंवा शरीरात जातील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. चाळणीच्या चाचण्यांत कण पट्टीवर किंवा कुपीत राहतात आणि नमुना नंतर फेकून दिला जातो, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. शरीरात सोडायच्या कणांचे मात्र तसे नाही. ते किती काळ कुठे राहतात हे प्रत्येक पदार्थासाठी स्वतंत्रपणे तपासावे लागते.

## शरीरात बसवून सतत मोजता येईल का?

प्रकाशावर चालणारा एक सेन्सर शरीरात बसवला जातोच. त्वचेखाली ठेवायचा, ग्लुकोज येताच कमी-अधिक चमकणारा एव्हरसेन्स नावाचा सेन्सर अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाला. तेव्हा तो ९० दिवस चालत असे. २०२४ साली वर्षभर चालणारी आवृत्ती मंजूर झाली. तो नॅनो म्हणावा इतका छोटा नाही, पण रेणू बसला की चमक बदलते, हे तत्त्व तेच. मग कॉर्टिसॉलसाठी, डोपामाइनसाठी असे का होत नाही?

इथे मघाचा तो ५० लाख नॅनोमोलरचा आकडा कामी येतो. कोणत्याही ग्राहीला रेणू पकडावाही लागतो आणि सोडावाही लागतो. सोडला नाही तर प्रमाण घटल्याचे कळणारच नाही. प्रमाण भरपूर असेल तर सैल पकडीचा ग्राही चालतो आणि तो रेणूला चटकन सोडून नव्यासाठी मोकळा होतो. ग्लुकोजचे नशीब असे. प्रमाण जितके कमी, तितकी पकड घट्ट हवी, आणि घट्ट पकड सहसा लवकर सुटत नाही. ग्राही रेणूला नेहमीच्या वेगाने पकडतो असे धरून हिशेब केला, तर नॅनोमोलर पातळीवर बेतलेल्या ग्राहीला पकडलेल्यांपैकी निम्मे रेणू सोडायला सुमारे १२ मिनिटे लागतात. पिकोमोलर पातळीवरच्या ग्राहीला आठ दिवस. अफ्लाटॉक्सिनच्या एकदाच वापरायच्या पट्टीला हे आठ दिवस अजिबात नडत नाहीत. तासातासाला बदलणारे संप्रेरक मोजू पाहणाऱ्या सेन्सरला मात्र ते सरळ सरळ निरुपयोगी करतात.

यावर उपाय शोधले जात आहेत. काही गट उष्णता, प्रकाश किंवा विजेचा छोटा धक्का देऊन ग्राहीला पकड सोडायला लावतात. काहींनी मुद्दाम सैल ग्राही घेतले आहेत. प्रत्येक पकड क्षणभरच टिकते, पण एकेक रेणू टिपण्याची प्रकाशाची ताकद वापरून अशा हजारो क्षणिक भेटी मोजल्या, तर सरासरीवरून प्रमाण काढता येते. एकेकटा रेणू दिसण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो, विक्रमी आकड्यांत नाही. तोवर शरीरात बसवायच्या सेन्सरांमध्ये ग्लुकोजपाठोपाठ लॅक्टेटसारख्या रेणूंचा विचार आधी होतो, कारण तेही रक्तात लाखो नॅनोमोलरच्या घरात असते आणि त्याला सैल पकडीचा ग्राही पुरतो.